दोघी बहिणींचा एक जोड

मी धावायचा एक जुना बूट आहे, मित्रांनो, उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच पडला आहे, पण तो पहिल्यापासून अबोल. त्यामुळे आम्हा दोघांची कहाणी सांगायचं काम माझ्याच गळ्यात आलं आहे. माझं पांढरं कापड आता पिवळट झालं आहे आणि तळव्याची तर पार रया गेली आहे. तरी नाक मुरडू नका. एके काळी मला पाहून एक बाई दुकानात उभ्या उभ्या हरखून गेली होती.

माझा जन्म चेन्नईतल्या अंबत्तूरचा. तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत एका पत्र्याच्या शेडखाली बायका तमिळमध्ये गप्पा मारत बूट शिवायच्या. पायाच्या आकाराच्या साच्यावर मला ताणून बसवलं, खाली तळवा चिकटवला, नाड्या ओवल्या आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते थेट नुंगंबाक्कमच्या एका मोठ्या दुकानात, काचेच्या कपाटासमोर. तिथेच मला शशिकला भेटली. ती जवळच्याच एका बँकेत अधिकारी होती. वय पंचेचाळिशीकडे झुकलेलं, आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून तिखट.

"मॅडम, मुलासाठी पाहताय का?" विक्रेत्याने अदबीने विचारलं.

"माझ्यासाठी. का? बायकांना पाय नसतात?"

बिचाऱ्याने घाईघाईने मला तिच्यापुढे ठेवलं. शशीने मला पायात चढवलं, दुकानात दोन फेऱ्या मारल्या, आरशात न पाहता नुसतं खाली माझ्याकडे पाहिलं आणि अशी काही हसली की मला माझाच हेवा वाटला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

गंमत पाहा, तिचं घर निघालं अंबत्तूरलाच. जिथे जन्मलो तिथेच नांदायला आलो. तिचे वडील विद्याधर सोलापूरकडून जवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला आले होते. हे घर त्यांनीच बांधलं. ते गेल्यावर घरात उरली शशी, तिची धाकटी बहीण हेमावती आणि हेमाचा नवरा मकरंद. शशीने लग्न केलं नव्हतं. हेमा शाळेत शिकवायची. घरात मराठी, गल्लीत तमिळ, आणि दोघी बहिणी भांडायला लागल्या की दोन्हींची खिचडी व्हायची. पायताण उंबऱ्याबाहेर काढायचं हा घराचा नियम, पण शशीने माझ्यासाठी तो मोडला. "बाहेर ठेवले तर गल्लीतली कुत्री एकेक पळवतील," असं म्हणून तिने कॉटखाली वर्तमानपत्र अंथरलं आणि आम्हा दोघांना त्यावर ठेवलं. हेमा कुरकुरली, पण ताईपुढे तिचं काय चालणार?

रोज पहाटे शशी मला घेऊन तलावाच्या बांधावर धावायला जायची. शाळेत असताना ती धावण्यात पहिली यायची. मग एक दिवस वडील म्हणाले, "पोरी, आता मोठी झालीस, पळापळ पुरे." आणि ती थांबली. इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेलं धावणं आता आमच्या तळव्यांतून बाहेर पडत होतं. दूधवाले वळून पाहायचे. फिरायला आलेले आजोबा लोक काहीबाही बोलायचे. शशी सलवार-कमीझमध्ये ओढणी कमरेला बांधून त्यांच्या अंगावरून सुसाट निघून जायची. मित्रांनो, बुटाचं सुख याहून वेगळं काय असतं!

एक दिवस तिच्या बँकेतल्या चंद्रिकाने बातमी आणली. चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर शर्यत होणार होती. डांबरी रस्त्यावर नव्हे, तर वाळूतून, सरूच्या बनातून, खाडीच्या चिखलातून आणि रानवाटेने. शर्यतीला वेळेची मर्यादा होती. वेळ संपली की शेवटच्या रेषेपाशी मोठी पितळी घंटा वाजवायची आणि घंटेच्या आत येईल त्यालाच पदक द्यायचं. शशीने त्याच दिवशी नाव नोंदवलं.

"घंटेच्या आत येणार म्हणजे येणार," ती जेवताना म्हणाली. "शाळेत राहिलेली शेवटची शर्यत आहे ही माझी."

पण दिवाळीच्या सुमाराला शशीचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून सोडून दिलं. मग तपासण्या झाल्या, मग मोठ्या इस्पितळाच्या फेऱ्या, मग पोटातल्या गाठीवरची जालीम औषधं. तिचे केस गळले. चेहरा उतरला. आम्ही कॉटखाली धूळ खात पडलो. वर ती कूस बदलायची तेव्हा कॉट करकरायची आणि आमचा जीव वरखाली व्हायचा. बुटाला जीव नसतो असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी हेमा दारात रांगोळी काढून आत आली, तेव्हा शशी उशाला टेकून बसली होती.

"हेमे, ते कॉटखालचे बूट काढ आणि घाल."

"मी? कशाला?"

"शर्यतीला तू जायचंस. मी चंद्रिकाला सांगितलंय, माझ्याऐवजी तुझं नाव लावतील."

"ताई, वेड लागलंय का तुला? मी बस पकडायलासुद्धा धावत नाही!"

"म्हणूनच आजपासून धाव. पाय आपल्या दोघींचे आईवर गेलेत, बूट बरोबर बसतील."

आणि खरंच बसले. लांबी तीच, फक्त हेमाचा पाय जरा रुंद आणि फार घाबरट. शशीचा पाय माझ्यात घुसायचा, हेमाचा परवानगी विचारत यायचा. पहिल्या दिवशी ती तलावाच्या पहिल्या वळणालाच धापा टाकत बसली. घरी आली तर शशी ओसरीवरच्या खुर्चीत शाल पांघरून वाटच पाहत होती. "टाच आपटू नकोस! खांदे सैल सोड! आणि तोंड असं करू नकोस, कुणी मारल्यासारखं!" हेमा रडकुंडीला यायची. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा माझ्या नाड्या बांधायची. हळूहळू तिचा दम वाढला. एकदा ती न थांबता पूर्ण तलावाला फेरी मारून आली, तेव्हा शशीने स्वतःच्या हाताने तिला कॉफी करून दिली.

एका संध्याकाळी हेमा शशीच्या पायांना तेल लावत बसली होती. मी खाली होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"हेमे, एक सांगू? हसू नकोस हं. मी मनात धरून ठेवलंय. तू घंटेच्या आत आलीस ना, तर मी समजेन की माझंही निभावलं."

"आणि नाही आले तर?" हेमाने घाबरून विचारलं.

शशीने शाल अंगाभोवती ओढून घेतली. हेमाचा तेलाचा हात तसाच थांबला. त्या दिवसापासून तिच्या पावलांचं वजन बदललं. तोवर ती ताईच्या हौसेखातर धावत होती. आता तिच्या पायांत ताईचा जीव अडकला होता, आणि तो भार मला रोज जाणवायचा.

शर्यतीचा दिवस उजाडला. मकरंद शशीजवळ थांबला आणि चंद्रिकाने हेमाला आपल्या गाडीतून कोवलमला नेलं. किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवल्या होत्या, जाळी वाळत होती, मासळीचा वास सुटला होता. शिट्टी झाली आणि सगळे निघाले. चंद्रिकाही धावणार होती, ती भरभर पुढे गेली. हेमा मागच्या घोळक्यात होती, पण टिकून होती. वाळूत पाय रुतत होते. माझ्यात वाळू शिरली, बोटांना घासू लागली, तरी ती थांबली नाही. खाडीच्या चिखलात मी घोट्यापर्यंत बुडालो. नाड्या भिजून फुगल्या. बाहेर आलो तेव्हा वाटेतल्या माणसाने ओरडून सांगितलं, "वेळेत आहात अम्मा, वेळेत आहात!" हेमाच्या पावलाने माझ्यात एक उडी घेतली. तेवढ्या क्षणापुरती ती शशीसारखी धावली.

पुढे वाटेत देवराई होती. जुनाट कडुलिंबांची दाट सावली, आत ग्रामदेवाला वाहिलेले मातीचे मोठाले रंगवलेले घोडे, हळदीकुंकवाने माखलेला त्रिशूळ. शर्यतवाल्यांनी फांद्यांना बांधलेल्या लाल फिती सरळ राईमधून पलीकडे जात होत्या. पुढचे तरुण धावपटू तसेच आत शिरले. कुणी जाता जाता छातीला हात लावला, इतकंच. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण हेमाचे पाय वेशीवरच्या दगडापाशी आपोआप थांबले. चेन्नईत जन्म काढलेली बाई ती. देवळात, घरात, डॉक्टरकडेसुद्धा चपला बाहेर. तिने विचार केलाच नाही. वाकली, भिजलेल्या नाड्यांच्या गाठी न सोडता टाच दाबून आम्हा दोघांना काढलं, दगडाजवळ नीट शेजारी शेजारी ठेवलं आणि हात जोडून आत गेली.

देवळाबाहेर थांबायची आम्हाला सवय असते, मित्रांनो. माणूस आत जातो आणि त्याच वाटेने परत येतो, हे आम्ही धरून चालतो. हेमानेही बहुधा तसंच धरलं होतं. पण इथली वाट परत येणारी नव्हती! एका बाजूने आत शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडून पुढे धावायचं. मी डाव्याला म्हटलं, "अरे, ही कुठे गेली?" तो नेहमीप्रमाणे गप्प. आमच्यासमोरून एकेक धावपटू निघून गेला. मग वाट ओस पडली. मला हाक मारता आली असती तर मी राई दणाणून सोडली असती.

किती तरी वेळाने ती मागे आली. लंगडत आणि घामाने निथळत. राईतली वाळू मऊ आणि गार होती, आणि ती डोळे मिटून ताईसाठी काहीबाही मागत चालत सुटली होती. तशीच पलीकडे निघाली, तशीच धावायला लागली. पुढे वेड्या बाभळीचं रान लागलं आणि काटा पायात घुसला, तेव्हा कुठे तिला भान आलं की पायात बूटच नाहीत. खाली बसून तिने माझ्या गाठींशी झटापट सुरू केली. नाड्या भिजून घट्ट बसल्या होत्या. नखं तुटली. "ताई गं, ताई गं," एवढंच ती पुटपुटत होती.

मग मात्र ती धावली, अशी धावली की विचारू नका. काट्याची जागा दर पावलाला ठणकत होती आणि तिचं रक्त माझ्या आत झिरपत होतं. सरूचं शेवटचं बन आलं. झाडांमधून समुद्र दिसला, मंडप दिसला, माणसं दिसली. आणि घंटा वाजली.

हेमा जागच्या जागी उभी राहिली. मग ती चालत, पाय ओढत रेषेपर्यंत गेली.

घंटेपाशी वेंकटरमण नावाचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते. त्यांनी तिचा चेहरा पाहिला. ते तमिळमध्ये हळूच म्हणाले, "घ्या अम्मा. एवढ्याशा उशिराचं काय मोठं? मी कुणाला सांगणार नाही." आणि त्यांनी एक पदक तिच्या हातात ठेवलं. हेमाने हात मागे घेतला. पुन्हा पुढे केला. शेवटी तिने मूठ मिटली आणि ती गाडीत बसली. घर येईपर्यंत ती मूठ उघडली नाही.

घरी आली ती मला पायात घेऊनच, उंबरा ओलांडून थेट कॉटपाशी.

"दाखव," शशी म्हणाली. तिला मुठीतून लोंबणारी फीत दिसली होती. पदक हातात घेऊन ती इतकी हसली की त्या सुकलेल्या चेहऱ्यावर मला दुकानातली शशी दिसली. "घंटेच्या आत?"

एक शब्द पुरे होता. 'हो' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मकरंद दारातून मान हलवून 'हो म्हण' असं खुणावत होता. माझ्यातली बोटं आखडली.

"नाही ताई," हेमा म्हणाली. "घंटा झाली तेव्हा मी बनातच होते. त्यांनी दया म्हणून दिलं."

शशीने पदक पांघरुणावर ठेवलं. "बरं," एवढंच बोलली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती जेवली नाही. हेमा स्वयंपाकघरात उभी राहून पदराने तोंड दाबून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शशीने हाक मारली. "हेमे, कॉफी राहू दे. इथे बस आणि सगळं सांग, अगदी वाळूपासून."

हेमाने सांगितलं. राईपाशी आली तेव्हा शशीने तिला अडवलं.

"थांब थांब. बूट वेशीवर काढून ठेवलेस? आणि तशीच पुढे गेलीस?"

"हो."

"अनवाणी?"

"लक्षातच आलं नाही गं."

"अगं बाई! शर्यतीला गेली होतीस की देवदर्शनाला?" शशीला हसू फुटलं, हसता हसता ठसका लागला. हेमाने पाणी दिलं. मग शशीने शांतपणे विचारलं, "एवढं भान हरपून मागत काय होतीस?"

हेमा खाली माझ्याकडे पाहत राहिली. "दुसरं काय मागणार मी?"

शशीने पाण्याचा पेला बाजूला ठेवला.

"म्हणजे माझ्यासाठी थांबलीस म्हणून तुला उशीर झाला," शशी म्हणाली, "आणि त्याच उशिरावरून मी काल माझं मरण ठरवून टाकलं. किती मूर्ख गं मी, हेमे! एका घंटेवर कसली पैज लावून बसले!" तिने हेमाला जवळ ओढलं आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्याने रडल्या. कॉटखाली सरकवलेले आम्ही दोघंही, काय सांगू, ओलेच होतो.

त्यानंतरचे दिवस मला फार प्रिय आहेत. शशी उठून बसू शकत नव्हती, पण पुढच्या शर्यतीचे बेत आखायची. "राईत जायचंच. बूटही काढायचे. बुटांसाठी मागे यायला वेळ लागणार, हे आधीच धरायचं आणि तेवढा वेळ वाळूत कमवायचा. वाळूत तू उगाच जपून धावलीस. आणि गाठी अशा बांधायच्या की एका हिसक्यात सुटतील." हेमा माझ्या नाड्या हातात घेऊन तशी गाठ शिकायची. एकदा शशी म्हणाली, "मी असेन नसेन, हे बूट घालत जा. माझे म्हणून ठेवून देऊ नकोस." हेमाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

मे महिन्यात, चेन्नईचे लोक ज्याला कत्तिरी म्हणतात त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, शशी गेली.

दिवस झाल्यावर हेमाने मला धुतलं, सावलीत वाळवलं, आत कागदाचे बोळे भरले आणि शशीच्या एका मऊ सुती साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. पुढच्या वर्षी चंद्रिका बोलवायला आली. "नाही गं," हेमा म्हणाली, "बूट ताईचे आहेत, खराब होतील. आणि दुसरे घालून मला जायचं नाही." दर दिवाळीला साफसफाईत ती आम्हाला खाली काढायची, पुसायची, छातीशी धरायची आणि परत वर ठेवायची. इतकं प्रेम कुणी बुटावर केलं नसेल. पण समुद्राकाठची दमट हवा माळ्यावर साचून राहायची. वर कापड शाबूत होतं आणि आत माझा तळवा तडकत, भुसभुशीत होत चालला होता. मला ते कळत होतं. सांगणार कुणाला?

आता, २००९ साल संपत आलं असताना, हेमाने मनाचा हिय्या केला. "चंद्रिका, यंदा माझं नाव दे," म्हणाली. पहाटे तिने आम्हाला साडीतून सोडवलं, पायात घातलं, ताईने शिकवलेली गाठ बांधली. किती वर्षांनी माझ्यात पाय आला होता! ती फाटकापर्यंत पोचली आणि माझा तळवा निखळला. डाव्याचाही. शिळ्या भाकरीसारखा भुगा झाला आणि फाटकापाशी सांडला. हेमा तिथेच बसली. भुगा ओंजळीत गोळा करत म्हणाली, "ताईने सांगितलं होतं, घाल. मी ऐकलं नाही." शशी गेली तेव्हा ती इतकी रडली नव्हती.

आता तिने नवे बूट आणले आहेत. आम्ही अंगणात रद्दीच्या पिशवीत पडलो आहोत, घेऊन जाणारा यायचा आहे. माझी तक्रार नाही. जायच्या आधी तुम्हाला एकच विनवणी करतो. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू तुमच्या हाती आली तर ती फडक्यात बांधून माळ्यावर टाकू नका. ती घाला, मळवा, फाटली तर शिवा आणि पुन्हा घाला. शशीला घंटेच्या आत पोचायचं होतं. तिच्या पायांना ते जमलं नाही. हेमा एकदा चुकली, चुकीतून शिकली, आणि शिकलेलं घेऊन पुन्हा ताईच्या बुटांत धावायचं तेवढं राहून गेलं. आम्ही तर रोज तयार होतो.